युवकांची सोबत: हिस्लॉप ते टिळक, एका साध्या मार्गाचा इतिहास



ख्रिस्ती समाजातलं युवाकार्य या विषयावर बोला, असं संयोजकांनी सांगितलं, तेव्हा मी त्यांना म्हटलं की मी धर्मोपदेशक नाही, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं आहे. त्यावर ते म्हणाले, ‘म्हणूनच बोला.’ तेव्हा आज मी उपदेश करणार नाही. इतिहास सांगेन, आणि सवयच आहे म्हणून अधूनमधून प्रश्न विचारेन.

आपल्या शहरात अनेक चर्चेस आहेत. त्यांच्या प्रत्येक कमिटीत एक तक्रार हमखास असते: तरुण मुलं येत नाहीत. मग उपाय सुचवले जातात. शिबिर घ्या, नवा साउंड बसवा, गिटार आणा, मोठा वक्ता बोलवा. मुलं दोन दिवस येतात, जेवतात, फोटो काढतात आणि परत जातात. हे फक्त चर्चचं आहे असं समजू नका. वाचनालय असो, भजनी मंडळ असो की गांधीविचारांची संस्था असो, सगळीकडे हेच रडगाणं आहे. त्यामुळे श्रोत्यांमध्ये जे ख्रिस्ती नाहीत त्यांनीही हा विषय परक्याचा समजू नये.

याच्या उलट एक दुसरा मार्ग आहे. तो फार साधा आहे. एक मोठं माणूस, चार-पाच तरुण, एक घर, आणि भरपूर वेळ. कार्यक्रम कमी, सहवास जास्त. हल्ली याला नातेसंबंधांवर आधारलेलं युवाकार्य असं लांबलचक नाव मिळालंय. नाव नवं असलं तरी गोष्ट जुनी आहे, आणि तिचे काही फार महत्त्वाचे प्रयोग मराठी मुलखात झाले आहेत. त्यातल्या दोघांचा तर आपल्या नागपूरशी थेट संबंध आहे.

पण हा मार्ग साधा असला तरी निरागस आहे का? इथे ॲरिस्टॉटल आठवतो. त्यानं आपल्या नीतिशास्त्राच्या ग्रंथात मैत्रीचे तीन प्रकार सांगितले: उपयोगासाठी केलेली मैत्री, सुखासाठी केलेली मैत्री, आणि समोरच्या माणसाच्या भल्यासाठी केलेली मैत्री. पहिल्या दोन टिकत नाहीत, कारण उपयोग संपला किंवा मजा संपली की मैत्री संपते. आता माझा प्रश्न असा: एखाद्या तरुणानं प्रार्थनेला यावं, आपला धर्म स्वीकारावा, म्हणून मी त्याच्याशी मैत्री केली, तर ती तिसऱ्या प्रकारची की पहिल्या? हा प्रश्न मनात ठेवून आपण मागे जाऊ.

१८४४: दोन सुरुवाती

१८४४ सालच्या ६ जूनला लंडनमध्ये सेंट पॉल कॅथेड्रलजवळच्या एका कापडदुकानात बारा तरुण जमले. त्यांचा पुढारी होता जॉर्ज विल्यम्स, वय बावीस, त्याच दुकानातला नोकर. खेड्यांतून शहरात आलेली ही मुलं दिवसभर दुकानात राबत आणि रात्री दुकानाच्याच वर दाटीवाटीनं झोपत. आई-वडील दूर, शेजारी दारूचे गुत्ते. त्यांनी एकत्र बसून प्रार्थना आणि वाचन सुरू केलं. त्यातून वायएमसीए ही संस्था उभी राहिली. तिच्या उगमाशी ना इमारत होती ना निधी. एकटी पडलेली मुलं एकमेकांना धरून बसली, एवढंच भांडवल. १८५७ मध्ये ही संस्था कलकत्त्यात आली. १९१६ मध्ये के. टी. पॉल तिचे पहिले भारतीय राष्ट्रीय सरचिटणीस झाले आणि त्यांनी तिचं काम खेड्यांपर्यंत नेलं.

त्याच १८४४ सालच्या डिसेंबरात स्टीफन हिस्लॉप नावाचा स्कॉटलंडचा सत्तावीस वर्षांचा तरुण मुंबई बंदरात उतरला. पुढच्या फेब्रुवारीत तो नागपूरला पोचला. तेव्हाचं नागपूर म्हणजे भोसल्यांचं राज्य. तिसरे रघूजी गादीवर, सीताबर्डीवर इंग्रज रेसिडेंट आणि कामठीला फौज. रेल्वे नाही, विद्यापीठ नाही. १८४६ मध्ये त्यानं शहरात शाळा काढली. तिच्यातूनच पुढे १८८३ मध्ये महालात हिस्लॉप कॉलेज उभं राहिलं.

म्हणजे एकाच वर्षी दोन गोष्टी सुरू झाल्या. लंडनमध्ये तरुणांनी तरुणांसाठी काहीतरी केलं. आपल्याकडे एका परक्या माणसानं आपल्या मुलांसाठी शाळा काढायचं मनावर घेतलं. पहिल्यात नातं आधी आणि संस्था नंतर. दुसऱ्यात संस्था आधी, नात्याचं पुढे बघू. हा फरक लक्षात ठेवा.

शाळा, शिक्षक आणि घाबरलेले आई-वडील

शाळेतून धर्म पोचवायचा ही कल्पना हिस्लॉपची नव्हे. अलेक्झांडर डफनं १८३० मध्ये कलकत्त्यात तशी सुरुवात केली होती, आणि मुंबईत जॉन विल्सन तेच करत होते. मुलं इंग्रजीसाठी येत. बायबल ओघानं शिकवलं जाई. बहुतेक मुलं इंग्रजी घेत आणि बायबल तिथंच ठेवून घरी जात. पण एखाद्याच्या मनाला ते लागे, आणि मग गाव पेटे.

१८३९ मध्ये मुंबईत विल्सन यांच्या शाळेतल्या पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. प्रकरण कोर्टात गेलं, पारशी समाज हादरला, आणि पालकांनी मुलं शाळेतून काढून घेतली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत तेव्हा बारा वर्षांचा होता. तोही मिशनऱ्यांकडे राहिला होता. कोर्टानं त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं. पण त्याला पुन्हा जातीत घ्यायचं की नाही, यावर मोठं रण माजलं. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या शुद्धीसाठी पुढाकार घेतला आणि त्याबद्दल सनातन्यांचा रोष ओढवून घेतला.

मित्रहो, इथे थोडं थांबू या. या घटना आपण सहसा दोनच बाजूंनी वाचतो. एक बाजू म्हणते सत्याचा विजय झाला, दुसरी म्हणते मुलं पळवली. पण त्या बारा वर्षांच्या मुलाकडे पाहा. शिक्षकावर त्याचा जीव होता, मोठ्या भावावर होता आणि बापावरही होता. ही तीन नाती एकमेकांवर आदळली आणि मध्ये मूल चेपलं गेलं. नात्यातून काम करायचं म्हटलं की ही जोखीम येतेच. नातं हे बळ आहे, म्हणूनच ते शस्त्रही होऊ शकतं. शिक्षकाची माया खरी असली तरी मूल आणि शिक्षक बरोबरीचे नसतात. एकाच्या हातात ज्ञान आहे, भाषा आहे, भविष्यातली नोकरी आहे, आणि दुसऱ्याच्या हातात फक्त विश्वास आहे.

बाबा पदमनजींचं उदाहरण वेगळं आहे. १८३१ मध्ये बेळगावला त्यांचा जन्म झाला. मुंबईत त्यांनी फ्री चर्चच्या शाळेत शिक्षण घेतलं, परमहंस मंडळीत वावरले, आणि १८५४ मध्ये बेळगावला बाप्तिस्मा घेतला. ‘अरुणोदय’ हे त्यांचं आत्मचरित्र १८८८ मध्ये आलं. ते वाचताना एक गोष्ट जाणवते. हा निर्णय एका प्रवचनानं झालेला नाही. वाचन, मित्रांशी वाद, घरच्यांची ओढ, भीती, पुन्हा वाचन, असा तो वर्षानुवर्षं चाललेला प्रवास आहे. निर्णय घेतला तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते, स्वतःच्या बुद्धीचे मालक होते. बारा आणि तेवीस यांतला फरक केवळ अकरा वर्षांचा नाही. तो संमतीचा फरक आहे.

हिस्लॉप: पायी फिरणारा माणूस

आता पुन्हा नागपूरला येऊ. हिस्लॉपचं नाव आपण कॉलेजमुळे घेतो. पण त्याची अठरा वर्षं पाहिली तर हा माणूस वर्गात मावत नव्हता असं दिसतं. तो आणि त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर या भागातले दगड धुंडाळत हिंडले. टाकळीजवळ, जी आता शहरातच आली आहे, त्यांना लाव्हाच्या थरांमध्ये दडलेले जीवाश्म सापडले. मांगलीच्या दगडात एका प्राचीन उभयचर प्राण्याची कवटी मिळाली आणि रिचर्ड ओवेनसारख्या शास्त्रज्ञानं तिचं वर्णन प्रसिद्ध केलं. नागपूरच्या भूशास्त्राचा पाया या जोडीनं घातला.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो गोंडांमध्ये बसला. त्यांचे शब्द त्यानं टिपून घेतले, चालीरीती लिहून ठेवल्या, आणि लिंगोची दीर्घ गाथा उतरवून घेतली. त्याच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये हे कागद रिचर्ड टेंपल यांनी संपादित करून छापले. ज्या काळात बहुतेक परके लोक सांगायला येत होते, त्या काळात हा माणूस ऐकायलाही बसत होता. त्याचा हेतू धर्मप्रसाराचा होता आणि त्यानं तो कधी लपवला नाही. पण ऐकायचं असेल तर समोरच्याला स्वतःचं काहीतरी आहे हे आधी मान्य करावं लागतं. गाथा लिहून घेणारा माणूस गोंडांना कोरी पाटी समजू शकत नाही.

४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना, बोरीजवळ पूर आलेल्या नाल्यात हिस्लॉप बुडाला. वय फक्त पंचेचाळीस. शाळा मात्र राहिली, कॉलेज झाली, आणि आजही उभी आहे. हे विसरू नका, कारण पुढे एका अगदी उलट उदाहरणाशी आपल्याला त्याची तुलना करायची आहे.

रमाबाईंचं उघडं दार

१८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला हलवलं. पैसा अमेरिकेतला, मुली बहुतेक उच्चवर्णीय बालविधवा, आणि अट अशी की इथे धर्मशिक्षण दिलं जाणार नाही. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार मंडळात होती. रमाबाई स्वतः ख्रिस्ती झालेल्या. त्या आपल्या खोलीत मुलीला, मनोरमेला, घेऊन प्रार्थना करत. खोलीचं दार उघडं असे. हळूहळू सदनातल्या काही मुली आपण होऊन तिथे येऊन बसू लागल्या.

झालं, पुण्यात वादळ उठलं. रमाबाईंचं म्हणणं, मी कुणाला बोलावत नाही, पण दारही लावणार नाही. विरोधकांचं म्हणणं, ज्या बाईनं आपल्याला अन्न दिलं, अक्षर दिलं, माणूस म्हणून जवळ केलं, तिच्या खोलीत मुली जातात यात बोलावणं आलंच की. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर मंडळातून बाहेर पडले.

मी विद्यार्थ्यांना नीतिशास्त्र शिकवताना हा प्रसंग अनेकदा घेत असे, आणि वर्ग दरवेळी दुभंगत असे. मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसतं. जिला जगात दुसरं कुणी उरलं नाही, अशा मुलीची निवड पूर्ण मोकळी कशी म्हणायची? आणि दुसरीकडे, ज्या श्रद्धेच्या बळावर रमाबाई या मुलींसाठी झिजत होत्या ती त्यांनी कपाटात कुलूप लावून ठेवावी, हे तरी प्रामाणिकपणाचं कसं? माणूस जे जगतो ते सोबतच्यांना दिसणारच.

पण एका गोष्टीसाठी मी रमाबाईंना मोठं गुण देतो. दार उघडं होतं. जे चाललं होतं ते सगळ्यांसमोर चाललं होतं. टीका करणाऱ्यांनाही ते दिसत होतं, म्हणून तर टीका करता आली. तरुणांशी नातं जोडणाऱ्या प्रत्येक माणसासाठी, मग तो पाळक असो, शिक्षक असो, क्रीडा प्रशिक्षक असो, ही पहिली कसोटी आहे: दार उघडं आहे का? बंद दारामागची आत्मीयता कितीही पवित्र वाटली तरी तिला साक्षीदार नसतो. आजच्या काळात तर हे शब्दशः घ्या. मुलांबरोबर काम करणाऱ्यांनी एकट्या मुलाला बंद खोलीत भेटू नये, पालकांपासून काही चोरून ठेवू नये. हा अविश्वास नव्हे. नात्याचं रक्षण यानंच होतं.

आगगाडीतला प्रवासी आणि नगरचं घर

त्याच १८९३ साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. टिळक म्हणजे कोकणातल्या करजगावचे, जन्म १८६१ चा, कवी, संस्कृतचे जाणकार, नागपुरात बुटींच्या आश्रयानं काही काळ ग्रंथांचं काम केलेले. डब्यात एक अनोळखी गोरा प्रवासी भेटला. त्यानं सरकून जागा दिली, संस्कृत काव्यावर गप्पा झाल्या, आणि उतरण्यापूर्वी त्यानं टिळकांना बायबल दिलं. तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असंही तो म्हणाला. टिळकांनी ते हसण्यावारी नेलं. पण पुस्तक वाचायला घेतलं, डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले, आणि तिथेच अडकले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

ही गोष्ट ख्रिस्ती मंडळींत नेहमी सांगितली जाते, आणि सांगणारा त्या भाकितावर भर देतो. मला भाकितात रस नाही. मला त्या प्रवाशाच्या वागण्याचा क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी जागा दिली. मग टिळकांना ज्यात गोडी होती त्या विषयावर बोलला. पुस्तक शेवटी दिलं. आपले बरेच प्रचारक हा क्रम उलटा करतात.

पण मित्रहो, या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती लपवणं अन्यायाचं होईल. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. लहानगा दत्तू पदरात, नवरा जिवंत असून दुरावलेला, नातेवाइकांकडे आश्रय. काही वर्षं ताटातूट झाली. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना हे सांगायला नको. एका नात्यानं दुसरं नातं कापलं. नात्यांचं युवाकार्य म्हणणाऱ्या प्रत्येकानं लक्ष्मीबाईंच्या बाजूनं हे पुस्तक वाचावं, म्हणजे आपल्या यशाची किंमत कोण चुकवतं ते कळेल.

पुढे जे झालं ते मात्र शिकण्यासारखं आहे. लक्ष्मीबाई टिळकांकडे परतल्या त्या हिंदू म्हणूनच. त्यांचं सोवळं, त्यांचं पाणी वेगळं. टिळकांनी सक्ती केली नाही. शिवाशिवीचा विचार लक्ष्मीबाईंच्या मनातून त्यांच्याच विचारानं गळून पडला, आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतः निर्णय घेतला. तापट, भोळ्या, हट्टी टिळकांना इतर बाबतींत धीर नव्हता. पण इथे त्यांनी धीर धरला.

मग अहमदनगरचं त्यांचं घर. त्या घराचं दार कधी बंद नव्हतं असं म्हटलं तरी चालेल. अनाथ मुलं, विद्यार्थी, कवी, कुणीही यावं. पगार तुटपुंजा आणि पंगत मोठी. १९०७ मध्ये जळगावला पहिलं कविसंमेलन झालं. तिथे सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे या मुलानं कविता म्हटल्या, आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला बालकवी म्हटलं. हा मुलगा पुढे टिळकांच्या घरी राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखं सांभाळलं. त्याचे लहरी स्वभाव, रुसवे, विसराळूपणा, सगळं त्यांनी ज्या मायेनं लिहून ठेवलंय तशी माया फार थोड्या पुस्तकांत सापडते.

आता माझा मुद्दा ऐका. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत. १९१८ मध्ये रेल्वेखाली सापडून वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी ते गेले, ते हिंदू म्हणूनच. आणि टिळकांच्या घरातलं त्यांचं स्थान त्यामुळे तसूभरही कमी झालं नाही. सुरुवातीला ॲरिस्टॉटलचा प्रश्न विचारला होता, आठवतो? त्याची कसोटी इथे मिळते. मैत्री साधन होती की साध्य, हे मैत्री यशस्वी झाल्यावर कळत नाही. तरुणानं आपल्याला हवं होतं ते केलं नाही, त्यानंतर आपण कसे वागलो, यावरून कळतं. हिशेब चुकला तरी ताट वाढलेलं राहिलं, तर ती मैत्री खरी. कांट म्हणतो की माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका. नगरच्या त्या घरात कांट कुणी वाचला नसेल, पण आचरला निश्चित जात होता.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनचं वेतन सोडलं, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. कल्पना अशी, की बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे सगळे चाहते एका बंधुत्वात यावेत. भजन असावं, कीर्तन असावं, परदेशी पैशाची गरज पडू नये. तुकोबांच्या वाटेनं आपण ख्रिस्तापर्यंत आलो अशी त्यांची भावना होती, त्यामुळे दरबारचा बाज अस्सल मराठी. पण ९ मे १९१९ ला टिळक मुंबईत वारले आणि दरबार फार काळ टिकला नाही.

बघा, हिस्लॉप गेला आणि शाळा राहिली. टिळक गेले आणि दरबार ओसरला. म्हणजे केवळ नात्यावर उभं राहिलेलं काम माणसाबरोबर जातं. संस्था टिकते. पण संस्थेत नातं उरलं नाही, तर टिकतात त्या भिंती. दोन्ही धोके खरे आहेत, आणि ज्यांना नातेसंबंध हा सगळ्या दुखण्यांवरचा उतारा वाटतो त्यांनी पहिला धोका विसरू नये.

तरी दरबार पूर्ण वाया गेला असंही नाही. जे. सी. विन्स्लो या इंग्रज धर्मगुरूवर टिळकांचा मोठा प्रभाव पडला. १९२२ मध्ये त्यांनी ख्रिस्त सेवा संघ स्थापला. इंग्रज आणि भारतीय तरुण एकत्र राहत, जमिनीवर बसून एकच अन्न खात, प्रार्थना आणि सेवा करत. पुढे पुण्यात त्यांचा आश्रम झाला. व्हेरियर एल्विन हा ऑक्सफर्डचा तरुण भारतात आला तो या संघातूनच, आणि नंतर गोंडांमध्ये जाऊन राहिला. हिस्लॉपनं ज्यांच्या गाथा टिपल्या त्यांच्याकडेच ही वाट पुन्हा वळली, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं.

नागपूरचं १९५६

विसाव्या शतकात नागपूर हे भारतीय प्रोटेस्टंट ख्रिस्ती समाजाचं एक केंद्रच झालं. राष्ट्रीय ख्रिस्ती परिषदेचं मुख्य कार्यालय इथे आलं. हिस्लॉप कॉलेजला डॉ. डेव्हिड मोझेस यांच्यासारखे तत्त्वज्ञ प्राचार्य लाभले. धर्माधर्मांतील सत्याच्या प्रश्नावर त्यांनी ग्रंथ लिहिला, आणि १९६१ च्या दिल्ली अधिवेशनात जागतिक चर्च परिषदेच्या अध्यक्षांपैकी एक म्हणून त्यांची निवड झाली. इकडे वर्धेत जे. सी. कुमारप्पा आणि एस. के. जॉर्ज यांच्यासारखे ख्रिस्ती लोक गांधीजींच्या कामात रमले होते. गांधीजी मिशनऱ्यांना वारंवार एकच सांगत: गुलाबाला आपल्या सुगंधाचा प्रचार करावा लागत नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये तेव्हाच्या मध्यप्रदेश सरकारनं, ज्याची राजधानी नागपूर होती, मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला एक समिती नेमली. अध्यक्ष होते नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश डॉ. भवानीशंकर नियोगी. नुकतेच ज्यांचं नाव घेतलं ते एस. के. जॉर्ज समितीचे सदस्य होते. १९५६ मध्ये अहवाल आला. शाळा, दवाखाने, वसतिगृहं यांचा उपयोग धर्मांतराचं आमिष म्हणून होतो, असा ठपका त्यात होता. ख्रिस्ती संस्थांनी तो एकांगी म्हणून फेटाळला. तो वाद अजून मिटलेला नाही, आणि आज मी तो मिटवायला उभा नाही.

पण एक गंमत पाहा. त्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, याच नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. आणि त्या सोहळ्यात धम्म स्वीकारणाऱ्यांमध्ये स्वतः न्यायमूर्ती नियोगीही होते. आमिषानं केलेल्या धर्मांतराविरुद्ध अहवाल लिहिणाऱ्या माणसानं स्वतः धर्म बदलला. यात विसंगती नाही. उलट त्यांचं म्हणणं यातून स्पष्ट होतं: विचारानं, उघडपणे, प्रौढ माणसानं केलेला बदल वेगळा, आणि गरजवंताच्या गरजेवर बोट ठेवून घडवलेला बदल वेगळा. ख्रिस्ती युवाकार्य करणाऱ्यांनी हा फरक टीकाकारांकडून शिकायला काय हरकत आहे? रमाबाईंच्या दारापाशी आपण हाच फरक शोधत होतो.

मग करायचं काय?

या सगळ्या इतिहासातून मला काही साध्या गोष्टी हाती लागतात.

पहिली, संख्या मोजू नका. लंडनचे बारा, नगरच्या पंगतीतले दहा-पंधरा. ज्याचं नाव, ज्याची परीक्षा, ज्याच्या आईचं दुखणं आपल्याला ठाऊक आहे, तेवढीच मुलं आपली. तीसच्या पुढे गेलात की तो मेळावा होतो. मेळावा वाईट नाही, पण त्याला सोबत म्हणू नका.

दुसरी, बोलण्याआधी ऐका. हिस्लॉपनं गाथा लिहून घेतली. आजच्या पोरांचीही एक गाथा आहे. ती मोबाईलमध्ये आहे, स्पर्धा परीक्षांच्या खोल्यांत आहे, पुण्या-बंगळूरला नोकरीसाठी गेलेल्या भावाच्या रिकाम्या खाटेवर आहे. ती ऐकायला संध्याकाळ द्यावी लागते. पाच मिनिटांत ती कुणी सांगत नाही.

तिसरी, मुलांना काम द्या, फक्त खुर्ची देऊ नका. वायएमसीए बावीस वर्षांच्या नोकरानं उभी केली. आपण बावीस वर्षांच्या मुलाला सतरंज्या उचलायला लावतो आणि निर्णय सत्तर वर्षांचे आम्ही घेतो. मग तो येत नाही याचं नवल वाटतं!

चौथी, घरच्यांना वगळू नका. लक्ष्मीबाईंचं दुःख विसरू नका. मुलाशी नातं जोडताना त्याच्या आई-बापाला परकं करणारं काम, मग ते कुठल्याही धर्माचं असो, मुळातच कच्चं असतं.

पाचवी, एका माणसावर सगळं उभं करू नका. दरबाराचा धडा हाच. ज्या घरात मुलं येतात तिथे दुसरं, तिसरं मोठं माणूसही असावं, म्हणजे पहिलं गेल्यावर चूल विझणार नाही. संस्थेनं करायचं काम हे, की तिनं अशा घरांना सांभाळावं. पाळकाला वर्षातून बारा अहवाल लिहायला लावण्याऐवजी आठवड्यातून दोन संध्याकाळी मोकळ्या द्याव्यात.

आणि शेवटची गोष्ट. जो तरुण आला, जेवला, भांडला, प्रश्न विचारले आणि आपल्या वाटेनं निघून गेला, त्याला अपयश म्हणून वहीत मांडू नका. तो पुन्हा आला तर पाट मांडा, नाही आला तर सणाला फोन करा. ॲरिस्टॉटलच्या तिसऱ्या प्रकारच्या मैत्रीला वेळ लागतो, आणि ती फार थोड्यांशीच होते, हे त्यानंच सांगून ठेवलंय. चर्चच्या कमिटीला हे पटवणं अवघड आहे, मला कल्पना आहे. पण दहा वर्षांत अशी पाच माणसं उभी राहिली तर त्या शहराचं बरंच भलं होईल, एवढं मी माझ्या अभ्यासावरून सांगू शकतो.

आता प्रश्न विचारा, आणि तरुणांना पहिल्यांदा विचारू द्या.